व्हेनिसच्या पाट्या वाचून इटालियन शिकता येईल का?

रानजाई:
ऑक्टोबरमध्ये पाच दिवस व्हेनिसला जातेय. सहा महिने अ‍ॅपवर इटालियन शिकतेय, पण शब्द टिकत नाहीत. तिथे हिंडताना पाट्यांचे फोटो काढायचे आणि रात्री शब्द वहीत उतरवायचे, असं ठरवलंय. कुणी असं केलंय का?

दीपमाळ:
मी केलंय. अकरा दिवस होते आणि वही अजून जपून ठेवलीय. पण पाट्यांवर सगळा भरवसा ठेवू नका. गल्ल्यांच्या भिंतींवर पांढऱ्या चौकटीत रंगवलेली नावं बरीचशी व्हेनेशियन बोलीतली आहेत. इटलीत इतरत्र चौक म्हणजे 'पियात्सा'. इथे तो मान सान मार्कोचा, बाकी चौक 'काम्पो', म्हणजे शेत. पूर्वी तिथे खरंच गवत असायचं. गल्ली 'काल्ले', छोटा कालवा 'रिओ', आणि 'रिओ तेरा' दिसलं की समजायचं, आपण बुजवलेल्या कालव्यावरून चालतोय.

खरी अडचण जोडाक्षरांची. इटालियनमध्ये 'सेते' म्हणजे तहान आणि 'सेत्ते' म्हणजे सात. 'कापेल्लो' म्हणजे केस, 'काप्पेल्लो' म्हणजे टोपी. आपल्याला हे अवघड नाही, जोडाक्षर आपल्या जिभेवर असतंच. म्हणून माझी वही देवनागरीतच आहे. पण व्हेनेशियन बोली नेमकी ही जोडाक्षरं सोडवते. घराखालून जाणारा बोळ इटालियनमध्ये 'सोत्तोपोर्तिको', पाटीवर मात्र 'सोतोपोर्तेगो'. तेव्हा वहीत दोन रकाने करा, एक पाटीचा आणि एक इटालियनचा.

चर्चच्या नावांचंही तेच. 'सांती जोवान्नी ए पाओलो' कुठे, असं मी एका आजोबांना विचारलं. ते म्हणाले, "आ, सान झानीपोलो!" दोन संतांचा बोलीत एक संत झालेला. मग हाताने दाखवत म्हणाले, "सेम्प्रे द्रीत्तो", म्हणजे सरळच जा. पुढे चार वळणं आणि दोन पूल लागले, पण पोचले. चर्चसमोर शिल्पकार वेर्रोक्कियोने घडवलेला सेनानी कोल्लेओनीचा घोडेस्वार पुतळा आहे, आणि त्याच चौकात विहिरीचा कोरीव दगडी काठ.

त्या विहिरीपाशी जरूर थांबा. सगळीकडे खारं पाणी, म्हणून चौकात पडलेला पाऊस फरशीतल्या भोकांतून खाली जाई, वाळूतून गाळला जाई आणि मग लोक तो वर काढत. नळाचं पाणी आलं १८८४ मध्ये. हे वाचलं त्याच संध्याकाळी मी वापोरेत्तोत, म्हणजे तिथल्या प्रवासी बोटीत, दाराशी उभी होते. मागून एका बाईंनी विचारलं, "शेंदे?" म्हणजे, उतरताय का? मला विहिरीतून पाणी शेंदणं आठवलं. पोहरा विहिरीत उतरतो, माणूस बोटीतून उतरतो. 'शेंदेरे' म्हणजे उतरणे. त्यानंतर हे क्रियापद कधी अडलं नाही.

गारवा७:
रियाल्तोचा मासळीबाजार चुकवू नका, पण सकाळीच जा, रविवार-सोमवार सोडून. पाट्यांवर माशाचं नाव आणि भाव असतो. 'नोस्त्रानो' लिहिलं असेल तर माल इथलाच. 'पेस्कातो' म्हणजे समुद्रात पकडलेला, 'आल्लेवातो' म्हणजे पाळलेला. मासा समोर आणि शब्द त्याच्यावर. मला तरी तिथेच पाठ झाले.

रानजाई:
दोन रकाने आत्ताच आखले! पण शुद्ध इटालियन ऐकायला कुठे मिळेल?

दीपमाळ:
वापोरेत्तोतच. प्रत्येक थांब्याआधी 'प्रोस्सिमा फेर्माता' ऐकू येईल, म्हणजे पुढचा थांबा. दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या आधी तुम्हीच म्हणून बघा. आणि 'सान स्ताए' ऐकलंत तर ते बोलीच्या रकान्यात टाका. इटालियनमध्ये ते सांत एउस्ताकिओ.