चार महिने पावसाच्या कोकणात छताखालचा ट्रॅक हवा की नको?

कुडाळ_पीटी
मार्च २०२४ मध्ये ग्लासगोला जागतिक इनडोअर अॅथलेटिक्स स्पर्धा झाली. तिचे दोन निकाल माझ्या मनातून जात नाहीत. ६० मीटरचं सुवर्ण ज्युलियन अल्फ्रेडने ६.९८ सेकंदांत घेतलं, सेंट लुशियासाठी. तिहेरी उडीचं सुवर्ण थिया लाफाँडने १५.०१ मीटरवर, डॉमिनिकासाठी. त्याच वर्षी पॅरिस ऑलिम्पिकमध्येही दोघींनी सुवर्ण जिंकलं. सेंट लुशियाची लोकसंख्या पावणेदोन-दोन लाखांच्या घरात, डॉमिनिकाची सत्तर हजारांच्या आसपास. आपला सिंधुदुर्ग जिल्हा एकटाच साडेआठ लाखांचा आहे.

आणि आमच्याकडे काय होतं? जूनमध्ये शाळा सुरू होते तेव्हाच मैदानात चिखल. ऑगस्ट-सप्टेंबरला तालुका स्पर्धा. पोरं सराव कधी करणार? फक्कीने लेन आखायची आणि तासाभरात सरीने धुऊन जायची. लांबउडीच्या खड्ड्यात पाणी. चांगली धावणारी मुलगी ओल्या गवतावर घसरते आणि घरचे म्हणतात, पुरे झालं. माझं स्पष्ट मत आहे: कोकणातल्या प्रत्येक जिल्ह्यात छताखाली सरळ ६० मीटरचा ट्रॅक झालाच पाहिजे.

दापोली_खाडीकाठ
सर, कळकळ पटते, उपाय पटत नाही. अल्फ्रेड चौदाव्या वर्षाच्या आसपास घर सोडून जमैकाला गेली, पुढे टेक्सासच्या विद्यापीठात घडली. लाफाँड लहानपणीच अमेरिकेत गेली. सेंट लुशियातलं मोठं स्टेडियम तर रुग्णालयाला आग लागल्यावर रुग्णालयासाठीच वापरलं गेलं. पॅरिसला जिंकल्यावर अल्फ्रेडने सांगितलं की ती शाळेच्या गणवेशात अनवाणी धावायची आणि या पदकामुळे तरी नवं स्टेडियम व्हावं. तुमच्या उदाहरणांतून छताची गरज सिद्ध होत नाही.

दुसरं, ३ जून २०२० विसरलात का? निसर्ग वादळात आमच्याकडे शाळांचे पत्रे उडाले, कौलं गेली. खाऱ्या वाऱ्यात लोखंड किती टिकतं ते इथे राहणाऱ्याला सांगायला नको. एवढा पैसा पत्र्यात घालण्यापेक्षा आहे त्या मैदानांचा निचरा करा, प्रशिक्षक नेमा.

कुडाळ_पीटी
दादा, त्या दोघींना बाहेर जावं लागलं, हाच माझा मुद्दा आहे. सगळ्यांना कुठे जाता येतं? जी गेली ती दिसली. जी पोरगी तिथेच राहिली तिचं नाव आपल्याला कधी कळणारच नाही.

मालवण_बंदर
सरांचा म्हणणा खरा आसा. माझो झील पावसात घरात बसान मोबाईल बघता, दिवाळेनंतर परत पहिल्यापासून सुरुवात. चार महिन्यांत अंगातली तयारी जाता. पण खर्च कोण करतलो, ता पण सांगा.

सह्याद्रीपायथा
मी पूर्ण विरोधात आहे. सर्वेश कुशारे नाशिक जिल्ह्यातल्या खेड्यातला. मक्याचा भुसा भरलेल्या गादीवर उंचउडी शिकला आणि २०२५ ला टोकियोच्या जागतिक स्पर्धेत २.२८ मीटर मारून सहावा आला. ऑलिम्पिक धावपटू अविनाश साबळे बीडचा, दुष्काळी भागातला. यांच्यामागे छत नव्हतं, शिकवणारा माणूस होता. आमच्या तालुक्यात अडथळा शर्यतीचं तंत्र सांगू शकेल असा एक माणूस मला दाखवा. पायांची लय, अडथळ्यांमधली पावलं हे व्हिडिओ बघून येत नाही. चुकीची सवय लागली की गुडघा जातो आणि मग ती सवय मोडायला दोन वर्षं लागतात.

चिपळूणची_ताई
तुम्ही सगळे पोरांचं बोलताय. मी शाळेत असताना २०० मीटर पळायचे. अंधार पडला की घरी, म्हणून पावसाळ्यात सराव बंदच. दिवे असलेली, कपडे बदलायला खोली असलेली जागा मुलीसाठी किती मोठी गोष्ट आहे हे मैदानाच्या निचऱ्याने भरून येणार नाही. पण जिल्ह्याच्या ठिकाणी एकच हॉल बांधला तर दोडामार्ग किंवा मंडणगडच्या मुलीला त्याचा उपयोग शून्य. शेवटची एसटी चुकली तर ती परत कशी येणार? वसतिगृह जोडा, नाहीतर तो शहरातल्यांचाच हॉल होईल.

कुडाळ_पीटी
ताईंचं वसतिगृह मान्य, शंभर टक्के. खर्चाचं म्हणाल तर ग्लासगोसारखा २०० मीटरचा, वळणांवर उतार दिलेला ट्रॅक मी मागतच नाही. तसं सभागृह भुवनेश्वरला कलिंग स्टेडियमच्या आवारात आहे. मला फक्त सरळ पट्टा हवा: सुरुवातीला थोडी जागा, ६० मीटर धाव, पुढे थांबायला दहा-पंधरा मीटर. म्हणजे ऐंशी मीटरच्या आत सगळं बसतं. त्याच पट्ट्यावर अडथळे लागतात, शेवटी वाळूचा खड्डा केला की लांबउडी आणि तिहेरी उडी होते, बाजूला गोळाफेक. ग्लासगोला डेव्हिन चार्ल्टनने ६० मीटर अडथळ्यांत ७.६५ चा विश्वविक्रम केला, ती बहामाजची. वादळं त्यांच्याकडेही येतात.

दापोली_खाडीकाठ
आकार छोटा केलात, बरं वाटलं. तरी माझी अट तीच. आधी प्रशिक्षकाचं पद मंजूर होऊन भरलं जाऊ दे, मग पाया खणा. आमच्या भागातला एक हॉल वर्षभर कुलपात असतो आणि लग्नाच्या मुहूर्तांना तेवढा उघडतो. त्या हॉलमधून आजवर एकही खेळाडू बाहेर आलेला नाही. किल्ली कोणाच्या हातात राहणार हे प्रस्तावातच लिहिलेलं नसेल, तर जिल्हा नियोजन समितीपुढे मी विरोधातच बोलेन.

चिपळूणची_ताई
किल्लीची अट मीही लिहून मागेन. आणि संध्याकाळी ५ ते ७ मुलींसाठी राखीव, हेही त्यातच घाला.