'एकतर्फी', 'एकांगी', 'अव्यक्त' की नुसतं झुरणं?

प्रश्न

'स्टार ट्रेक: व्हॉयेजर' या अमेरिकी विज्ञानकथा मालिकेच्या पाचव्या पर्वातल्या 'समवन टू वॉच ओव्हर मी' (एप्रिल १९९९) या भागाची दोन ओळींची मराठी ओळख लिहायची आहे. जहाजावरचा डॉक्टर म्हणजे माणूस नव्हे, होलोग्राम. सेव्हन ऑफ नाईन ही बोर्गांच्या (माणसांना पकडून अर्धयंत्र करणाऱ्या जमातीच्या) तावडीतून सुटलेली. चारचौघांत कसं वागावं, डेटवर काय बोलावं, याचे तो तिला धडे देतो (त्यावर सहकारी टॉम पॅरिसशी पैजही लावतो) आणि शिकवता शिकवता स्वतःच तिच्यात गुंततो. तिला याचा पत्ता नाही. 'डॉक्टरचं एकतर्फी प्रेम' हे वाचताना खटकतंय. 'एकांगी', 'एकेरी', 'अव्यक्त' यांतलं काय चालेल? आणि डॉक्टर प्रेमात 'पडतो' की 'पडतात'?

१

खटकतंय ते बातम्यांमुळे. 'एकतर्फी प्रेमातून' एवढं वाचलं की पुढे 'हल्ला' किंवा 'पाठलाग' येणार हे मराठी वाचकाला पाठ झालंय. त्यातही खोड 'तून'ची जास्त. 'प्रेमातून' म्हटलं की प्रेम हे कशाचं तरी कारण ठरतं आणि वाचक त्या 'कशाचं'ची वाट बघू लागतो. 'एकतर्फी प्रेमाची गोष्ट' असा षष्ठीचा प्रयोग केला तर अर्धी धार जाते. शब्द तोच, विभक्ती बदलली.

शुद्धलेखनाचं एक: 'एकतरफी' नको, 'एकतर्फी'. मूळ अरबी 'तरफ', म्हणजे बाजू. 'च्या तर्फे' मधला तो हाच, आणि कोल्हापूरजवळच्या 'कळंबे तर्फ ठाणे' या गावाच्या नावातलाही.

२

कोर्टाच्या मराठीत बघा. दिवाणी प्रक्रिया संहिता १९०८, आदेश ९, नियम ६: प्रतिवादीवर समन्स रीतसर बजावलं गेलं, पुकारा झाला, तरी तो हजर नाही, तर दावा एकतर्फी चालवता येतो. समन्स बजावलंच नसेल तर दुसरं काढायचं. तसं न करता एकतर्फी हुकूमनामा झालाच, तर नियम १३ खाली तो रद्द करून मागता येतो. थोडक्यात, 'एकतर्फी' म्हणायला दुसऱ्या तर्फेला खबर असावी लागते.

या भागात सेव्हनवर समन्सच बजावलेलं नाही. डॉक्टर कबुलीची तालीम करतो. तेवढ्यात ती येते आणि सांगते की जहाजावर अनुरूप जोडीदार कुणी नाही, सबब पुढचे धडे नकोत. तोंडाशी आलेलं वाक्य तो गिळतो. याला माझ्या मते 'अव्यक्त प्रेम' म्हणावं. सांगितलं आणि नकार आला, किंवा उत्तरच आलं नाही, तर ते 'एकतर्फी'.

३

कोर्टाचा निकष सगळीकडे लावता येत नाही. 'एकतर्फी सामना'मध्ये हरणारा संघ मैदानात हजर असतो, मार खात असतो. 'एकतर्फी युद्धबंदी'त समोरच्याची संमती नसते, एवढंच. मधल्या पिढ्यांनी 'एकतर्फी प्रेम' न सांगितलेल्या प्रेमालाही सर्रास वापरलंय. तेव्हा 'चूक' म्हणू नका, 'वास लागलेला' म्हणा.

'एकांगी' मात्र साफ बाद. टीका, विचार, वाढ, व्यक्तिमत्त्व एकांगी असतं. ती एकाच वस्तूची एक बाजू. दोन माणसांतल्या एकाचं प्रेम एकांगी होत नाही.

'एकेरी'ही नको. रस्त्याची वाहतूक एकेरी, टेनिसमधली एकेरी, आणि तिसरा अर्थ तर थेट आडवा येतो: 'एकेरी उल्लेख', 'एकेरीवर येणं'. 'डॉक्टरचं एकेरी प्रेम' वाचून कुणालाही वाटेल, डॉक्टर अरे-तुरे करतोय.

त्यावरून तुमचा दुसरा प्रश्न. मराठीत डॉक्टर आदरार्थी बहुवचनात जातात: 'डॉक्टर आले', 'डॉक्टरांनी सांगितलं'. पण 'डॉक्टर प्रेमात पडतात' लिहिलं की दवाखान्यातले सगळेच पडले का, असं वाटतं. त्यात या पात्राला नाव नाही, पदनाम हेच नाव. म्हणून निवेदनात 'डॉक्टर पडतो', 'डॉक्टरला' आणि संवादात 'डॉक्टर, तुम्ही' असं ठेवा. सेव्हनच्या तोंडी 'तू' शेवटपर्यंत येऊ देऊ नका. डॉक्टरनं मात्र तालमीच्या वाक्यात 'तुम्ही'वरून 'तू'वर यावं, आणि ती समोर आल्यावर परत 'तुम्ही'वर. इंग्रजीत हे दाखवायला सर्वनामच नाही. मराठीत फुकट मिळतंय.

४

जुनी संज्ञा हवी असेल तर ती तयार आहे. विश्वनाथाच्या 'साहित्यदर्पणा'त (संस्कृत काव्यशास्त्राचा ग्रंथ, १४ वं शतक) शृंगाराचा रसाभास, म्हणजे अनुचित जागी असल्यानं रसाचा नुसता भास, कधी होतो, त्याची यादी आहे. तीत 'अनुभयनिष्ठ रती' येते, म्हणजे दोघांच्या ठायी नसलेली, एकाच ठिकाणी असलेली. त्याच्या आधीचा काश्मिरी काव्यशास्त्रकार अभिनवगुप्त रसाभासासाठी रावणाची सीतेवरची अभिलाषा घेतो. त्याचं म्हणणं असं की सीता आपल्याला झिडकारते, ही जाणीव रावणाच्या हृदयाला शिवतच नाही. बातम्यांमधलं 'एकतर्फी प्रेमातून' नेमकं हेच आहे.

डॉक्टरचं उलट. त्याला जाणीव शिवते आणि तो गप्प बसतो. मग तो पियानोवर बसून शीर्षकातलंच गाणं वाजवतो. त्याला रसाभास म्हणायला जीभ रेटत नाही. (यादीत 'तिर्यक्' म्हणजे पशुपक्ष्यांची रतीही आहे. होलोग्रामची सोय विश्वनाथानं केलेली नाही.)

'अनुभयनिष्ठ' दोन ओळींच्या ओळखीत घालू नका. वाचक पळेल.

५

नाम शोधतोच कशाला आपण? मराठी अशा वेळी क्रियापदावर चालते.

'भाळणे' रूपावर, पहिल्या नजरेचं. इथे बसत नाही, तो तिला आधीपासून ओळखतो. 'जीव लावणे' यात कर्ता ठरवून लावतो, आणि ते वासरालाही लावता येतं. 'जीव टाकणे' फारच उघड. 'जीव जडणे' अकर्मक आहे, जीवच कर्ता: 'डॉक्टरचा तिच्यावर जीव जडतो'. त्याचा बेत नव्हता, झालं, हे व्याकरणातच आलं. शेवटासाठी 'झुरणे'. ते दुसऱ्याला न कळता करता येतं. 'प्रेमभंग' नको, भंगायला आधी काही जुळावं लागतं.

'रोमान्स' तर मुळीच नको. मराठीत रोमान्स 'करतात', आणि त्याला दोघं लागतात. 'एकतर्फी रोमान्स' हसू आणेल.

जाता जाता: लेफ्टनंट चॅपमनबरोबरच्या डेटच्या जेवणात सेव्हनच्या ताटात येतं ते 'शेवंड', झिंगा नव्हे. कवच फोडतानाची तिची तारांबळ झिंग्यानं होणारच नाही. नाचताना चॅपमनचा फाटतो तो 'अस्थिबंध' (लिगामेंट), 'स्नायू' नव्हे. आणि तिचा ठेवणीतला शब्द, 'इररेलेव्हंट', 'गैरलागू' असा घ्या. 'असंबद्ध' म्हणजे बरळणं.

६ (मूळ प्रश्नकर्ता)

मग असं: 'सेव्हनला माणसांत मिसळायचे धडे देता देता डॉक्टरचा तिच्यावर जीव जडतो. टॉम पॅरिसशी लावलेली पैज तिला कळते, मनातलं मात्र कधीच कळत नाही.'

७

'पैज तिला कळते'नं पुढचं फुटतं. 'पैज अंगाशी येते' करा. बाकी ठीक.