शाळेचं रिनोव्हेशन + नवीन विंग: पाणी, झाडं, मैदान कसं सांभाळायचं?

प्रश्न (पालक_समिती):
शाळेच्या जुन्या इमारतीचं रिनोव्हेशन होणारे आणि शेजारी नवीन विंग. प्लॅनमध्ये विंग मैदानाच्या सखल कोपऱ्यात दाखवलीये, जिथे पावसात पाणी तुंबतं, आणि उरलेल्या जागेत सगळीकडे पेव्हर ब्लॉक. मोठी झाडं वाचवू म्हणतात पण कशी ते कुणीच सांगत नाही. ड्रॉइंग फायनल व्हायच्या आधी काय काय विचारू?

पाणी_जिरवा:
आधी विंगची जागा बदलायला लावा, बाकी सगळं नंतर. पाणी उताराने जिथे जातं तिथे इमारत बांधली की भिंतींना कायमची ओल. तो कोपरा पाण्यालाच सोडा आणि तिथे खोलगट बाग करून छपराचं पाणी सोडा. हिशोब सोपाय, 1 चौरस मीटरवर 1 मिमी पाऊस म्हणजे 1 लिटर, म्हणजे 500 चौरस मीटर छपरावर 40 मिमी पडला की 20 हजार लिटर! फक्त आधी माती पाणी पिते का ते बघा, हातभर खड्डा खणा, पाणी भरा, जिरलं की परत भरा आणि आता किती वेळात उतरतं ते मोजा. बागेतलं पाणी एक-दोन दिवसात जिरलंच पाहिजे, नाहीतर डास होतील. आणि इमारतीच्या पायापासून 3 मीटर तरी लांब ठेवा.

मुळं_आधी:
झाडांबद्दल कळकळीने सांगते, खोडाला पत्रे गुंडाळून झाड वाचत नाही. छातीच्या उंचीवर खोडाचा व्यास मोजा, त्याच्या 12 पट त्रिज्येचं वर्तुळ आखा (50 सेंमी खोड असेल तर 6 मीटर) आणि पहिला ट्रक आत यायच्या आधी तिथे पक्कं कुंपण घाला. आत वाळूचा ढीग नको, मिक्सर धुतलेलं पाणी नको, जेसीबी तर अजिबातच नको. बहुतेक मुळं वरच्या अर्ध्या-पाऊण मीटरमध्येच असतात, माती दबली की ती गुदमरतात आणि झाड दोन-तीन वर्षांनी वाळायला लागतं, तोवर कंत्राटदार बिल घेऊन गेलेला असतो. त्यामुळे हे टेंडरमध्येच दंडासकट लिहून घ्या.

साइटवरचा:
डंपरला एकच रस्ता आखून द्या, जिथे पुढे पक्की वाट होणारे तिथूनच. मुलांचं गेट वेगळं. वरची सुपीक माती आधी काढून बाजूला झाकून ठेवा, नंतर बागेला तीच लागते.

पालक_समिती:
खूप आभार सगळ्यांचे. पेव्हर काढा म्हटलं तर धूळ होईल म्हणतात, त्याचं काय?

पाणी_जिरवा:
रोजच्या वाटांवर ठेवा की, पण पाणी जिरणारे घ्या, आणि सांध्यांत गाळ बसतो म्हणून वर्षातून एक-दोनदा सफाई कोण करणार ते आत्ताच ठरवा. झाडांखाली मात्र पालापाचोळा पसरा, धूळ तेवढ्यानेही बसते.