विकिपीडियावर एकोणिसाव्या शतकातील लेखिकांची चरित्रे : संशोधकाने सुरुवात कशी करावी?

जुनी_दप्तरे

एकोणिसाव्या शतकातील मराठी स्त्रियांच्या लेखनावर माझे पीएचडीचे काम झाले आहे. मराठी विकिपीडियावर या काळातल्या बऱ्याच स्त्रियांची पाने दोन-चार ओळींवर थांबलेली दिसतात, ती वाढवायची आहेत. खाते उघडले आहे, धूळपाटीवर (सरावाच्या पानावर) मजकूर टंकून पाहिला, दुवे देणेही जमते. अडचण पुढची आहे. स्वतःच्या प्रबंधाचा आणि शोधनिबंधांचा संदर्भ देता येतो का? दप्तरखान्यात पाहिलेली अप्रकाशित पत्रे वापरता येतात का? आणि जन्मसाल दोन पुस्तकांत वेगवेगळे दिले असेल तर कोणते लिहायचे? आनंदीबाई जोशींसारखे सगळ्यांना माहीत असलेले उदाहरण घेऊन सांगितलेत तर बरे होईल.

तळटीप

अप्रकाशित पत्रांपासून सुरू करतो, कारण अभ्यासक बहुतेक तिथेच अडतात. विकिपीडियावर नवे संशोधन चालत नाही. तुम्हाला सापडलेले पत्र कितीही पक्का पुरावा असले, तरी ते कुठे छापलेले नसेल तर त्याच्या आधारावर एक वाक्यही लिहिता येत नाही. वाचकाला संदर्भ उघडून मजकूर ताडून पाहता आला पाहिजे आणि लिहिणाऱ्याची पदवी तिथे कुणी विचारत नाही, या दोन गोष्टींतून हा नियम आला आहे. मार्ग एकच : ते पत्र आधी एखाद्या नियतकालिकात टिपणासह प्रसिद्ध करा. मग तो अंक संदर्भ म्हणून चालतो.

छापलेली पत्रे वापरता येतात, पण जपून. आनंदीबाईंची पत्रे काशीबाई कानिटकरांनी लिहिलेल्या चरित्रात आहेत, कॅरोलाइन डॉल यांच्या १८८८ च्या इंग्रजी चरित्रातही आहेत. पत्र हे प्राथमिक साधन. पत्रात काय लिहिले आहे तेवढे सांगायचे, त्यावरून निष्कर्ष काढायचा नाही. पत्रात अशक्तपणाची आणि तापाची तक्रार असेल तर ‘अमुक महिन्यातील पत्रात त्यांनी तापाची तक्रार केली आहे’ हे वाक्य चालते. ‘म्हणजे क्षयाची लागण अमेरिकेतच झाली होती’ हे तुमचे अनुमान झाले. तेच अनुमान एखाद्या इतिहासकाराने छापील लेखात मांडले असेल तर त्याच्या नावानिशी देता येते. प्रबंध लिहिताना आपण नेमके उलटे करतो, म्हणून ही सवय मोडायला वेळ लागतो.

स्वतःच्या लेखनाबद्दल : परवानगी आहे, मर्यादेत. शोधनिबंध समीक्षित नियतकालिकात आलेला असावा, विधानाशी थेट संबंधित असावा आणि पानावर इतरांचेही संदर्भ असावेत. पीएचडीचा प्रबंध शोधगंगेवर (भारतीय विद्यापीठांतील प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर) कुणालाही वाचता येत असेल तर पृष्ठक्रमांकासह देता येतो, मात्र त्याच विषयावर प्रकाशित पुस्तक असेल तर आधी ते घ्यावे. एमएचा लघुप्रबंध सहसा धरत नाहीत. नव्या खात्याने एकाच दिवशी दहा पानांवर एकाच लेखकाचा संदर्भ घातला की ती जाहिरात समजून उलटवली, म्हणजे रद्द केली, जाते, आणि उलटवणाऱ्याचे त्यात काही चुकत नाही. त्यापेक्षा लेखाला जोडलेल्या चर्चापानावर लिहा : हा निबंध माझा आहे, अमुक वाक्यासाठी सुचवत आहे. सदस्यपानावरही तुमचा विषय आणि हितसंबंध एका ओळीत नोंदवून ठेवा.

संदर्भ कसा द्यायचा हे थोडे सविस्तर सांगतो. यथादृश्य संपादकात (पान जसे दिसते तसेच संपादित करण्याच्या सोयीत) पुस्तकाचा आयएसबीएन किंवा शोधनिबंधाचा डीओआय हा ओळख-क्रमांक टाकला की साचा, म्हणजे संदर्भाचा ठरावीक नमुना, आपोआप भरतो. तुमच्या विषयातल्या बहुतेक पुस्तकांना आयएसबीएनच नसणार. तिथे पुस्तकाचा संदर्भसाचा हाताने भरा : लेखक, शीर्षक, प्रकाशक, स्थळ, वर्ष, आवृत्ती, पृष्ठ. आवृत्ती वगळू नका. पहिल्या आवृत्तीतले पान ५२ पुनर्मुद्रणात पान ७८ होऊ शकते, आणि मग तपासणाऱ्याला मजकूर सापडत नाही. जी प्रत हातात आहे तिचेच तपशील द्या. एकच पुस्तक अनेकदा लागत असेल तर संदर्भाला नाव द्या आणि पुढे फक्त नाव वापरा. नाव अर्थपूर्ण ठेवा, ‘कानिटकर-पृ४०’ असे. आपोआप पडलेल्या अंकी नावांवरून पुढच्या संपादकाला काहीच कळत नाही.

मराठी विश्वकोशातील नोंद किंवा सिद्धेश्वरशास्त्री चित्रावांचा चरित्रकोश यांचा उपयोग व्यक्तीची उल्लेखनीयता, म्हणजे तिच्यावर स्वतंत्र पान असावे एवढे महत्त्व, दाखवायला उत्तम होतो. बारीक तपशिलांसाठी मात्र स्वतंत्र चरित्रे आणि लेख पाहा. विश्वकोशातला मजकूर जसाच्या तसा उतरवला, किंवा क्रियापदे बदलून उतरवला, तरी तो काढला जातो.

शकसंवत

तारखांबद्दल मी लिहिते. जुन्या चरित्रांत आणि मुखपृष्ठांवर शक दिलेला असतो, आणि सरसकट ७८ मिळवल्याने एक वर्षाची चूक होते. मराठी पानांवरच्या दोन जन्मसालांच्या घोळात हे कारण आधी तपासावे.

शक चैत्रात बदलतो, इसवी सन जानेवारीत. चैत्र ते कार्तिक ७८ मिळवा, माघ-फाल्गुनात ७९. १ जानेवारी मार्गशीर्षाच्या अखेरीस किंवा पौषात येते, म्हणून या दोन महिन्यांत तिथी घेऊन जुने पंचांग पाहावेच लागते. आनंदीबाईंचा जन्म ३१ मार्च १८६५ चा, शके १७८७ नुकता लागलेला : १७८७ अधिक ७८. मृत्यू २६ फेब्रुवारी १८८७ चा, म्हणजे शके १८०८ चा फाल्गुन. इथे ७८ मिळवले तर १८८६ येते, जे साफ चूक. पुस्तकावर नुसता शक छापला असेल, महिना नसेल, तर शके १८०४ साठी ‘१८८२–८३’ असे दोन्ही आकडे ठेवा. एक निवडायला आधार नसतो.

दोन विश्वसनीय साधने खरोखरच वेगळी सांगत असतील तर निवाडा करू नका. मजकुरात दोन्ही द्या, कोण काय म्हणते ते लिहा, दोन्हींना संदर्भ जोडा. विकिडेटावरही (सगळ्या भाषांतल्या विकिपीडियांच्या सामाईक माहितीसाठ्यावर) जन्मतारखेसारख्या एकाच गुणधर्माला दोन मूल्ये देता येतात, प्रत्येकाखाली आपापला संदर्भ. फक्त साल माहीत असेल तर अचूकता ‘वर्ष’ एवढीच ठेवा. काही जण रकाना भरायचा म्हणून १ जानेवारी टाकतात, आणि माहितीचौकट (पानाच्या कडेचा तपशिलांचा तक्ता) विकिडेटावरून भरली जात असेल तर तीच खोटी तारीख अनेक भाषांतल्या पानांवर पोचते.

दुसरा धोका ‘पहिली’ या दाव्यांचा. आनंदीबाईंना ११ मार्च १८८६ रोजी पेनसिल्व्हेनियाच्या स्त्री-वैद्यक महाविद्यालयाची एमडी मिळाली. कादंबिनी गांगुलींनी त्याच वर्षी कलकत्ता मेडिकल कॉलेजातून पात्रता मिळवली आणि नंतर व्यवसाय केला. आनंदीबाईंची कोल्हापूरच्या अ‍ॅल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात नेमणूक झाली होती, पण आजारपणामुळे प्रत्यक्ष काम घडले नाही. दीर्घकाळ व्यवसाय करणाऱ्यांत रखमाबाईंचे (१८६४–१९५५) नाव येते. म्हणून ‘पहिली भारतीय स्त्री डॉक्टर’ असे मोकळे वाक्य कुणावर तरी अन्याय करते. काय पहिले, कुठे, कोणती पदवी, हे वाक्यातच असू द्या : ‘अमेरिकेत पाश्चात्त्य वैद्यकाची पदवी मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्रियांपैकी’. असा दावा वर्तमानपत्राच्या लेखावर टेकवण्याआधी पानाचा इतिहास उघडा. वाक्य पानावर आधी आले आणि लेख नंतर छापला असेल, तर लेखानेच विकिपीडियावरून उचलले असण्याची शक्यता मोठी. इतिहासाच्या पानावरून विकिब्लेमसारखे साधन वापरले तर ते वाक्य कोणत्या दिवशी आले हे शोधता येते.

जुनी_दप्तरे

दोघांचेही आभार, शकाचा मुद्दा माझ्या यादीतल्या निदान तीन नोंदींना लागू होईल. आणखी दोन शंका. एका लेखिकेच्या वंशजांकडे १८९० च्या दशकातले छायाचित्र आहे, ते चढवता येईल का? आणि काही पाने इंग्रजी विकिपीडियावर बरी आहेत, ती भाषांतर करून आणली तर चालेल?

तळटीप

छायाचित्राची प्रत घरात असणे आणि त्याचा प्रताधिकार (कॉपीराइट) असणे या वेगळ्या गोष्टी आहेत. कॉमन्सवर, म्हणजे विकिपीडियाची चित्रे जिथे चढवतात त्या संग्रहावर, चित्र मूळ देशात आणि अमेरिकेत, दोन्हीकडे मुक्त असावे लागते. १८९० च्या दशकातले, छायाचित्रकार अज्ञात असलेले आणि कधी न छापलेले चित्र असेल तर अडचण नाही, कारण काढल्याला १२० वर्षे उलटून गेली आहेत. मात्र वर्णनात काळ कशावरून ठरवला ते लिहा : मागचा शिक्का, स्टुडिओचे नाव, कुणाच्या संग्रहातून आले. ‘माझे स्वतःचे काम’ हा पर्याय निवडू नका, नेमकी याच कारणाने जुनी चित्रे वगळली जातात. वंशजांनी अलीकडे स्वतः काढलेले चित्र असेल तर मात्र त्यांची परवानगी ईमेलने व्हीआरटीकडे (अशा परवानग्या तपासणाऱ्या स्वयंसेवकांच्या गटाकडे) नोंदवावी लागते. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे प्रताधिकार असतो आणि मोजणी पुढच्या १ जानेवारीपासून होते. काशीबाई कानिटकर १९४८ मध्ये वारल्या, त्यांचे लेखन १ जानेवारी २००९ पासून भारतात मुक्त आहे. अशी पुस्तके मराठी विकिस्रोतावर (विकिपीडियाच्या मुक्त ग्रंथालयावर) आणली तर संदर्भ तपासणाऱ्याला मूळ पानच समोर मिळते.

वंशजांनी तोंडी सांगितलेली माहिती पानावर येऊ शकत नाही. त्यांनी स्वतः पान संपादित करण्यापेक्षा चर्चापानावर पुराव्यासह दुरुस्ती सुचवावी.

भाषांतर चालते. पहिल्याच संपादन-सारांशात मूळ लेखाचे नाव आणि दुवा द्या, परवान्याची ती अट आहे. इंग्रजी पानावरचे संदर्भ स्वतः उघडून न पाहता आणू नका. जे पाहायला मिळत नाहीत, ती वाक्ये गाळा. भाषांतर-साधनाने दिलेला यंत्राचा मसुदा प्रत्येक वाक्य मोडून पुन्हा लिहावा लागतो, नाहीतर ‘तिचा जन्म एका कुटुंबात झाला होता जे’ अशी मराठी पानावर उतरते. आदरार्थी क्रियापदे ठेवा; ‘थोर’, ‘स्वर्गीय’, ‘अजरामर’ काढा.

शकसंवत

नावांचे एक राहिले, आणि स्त्रियांच्या नोंदींत ते फार महत्त्वाचे आहे. माहेरचे नाव, सासरचे नाव आणि लेखनावरची सही वेगवेगळी असते. आनंदीबाईंचे माहेरचे नाव यमुना, इंग्रजी साधनांत त्या ‘आनंदाबाई’ आहेत आणि मराठीत ‘आनंदी गोपाळ’ हेही रूढ. पानाचे शीर्षक सर्वांत प्रचलित नावाने ठेवा, बाकी प्रत्येक रूपाचे पुनर्निर्देशन करा, म्हणजे ते नाव शोधणारा याच पानावर येईल. ‘डॉ.’ शीर्षकात नको, पण पंडिता रमाबाईंचे ‘पंडिता’ राहते, कारण त्या त्याच नावाने ओळखल्या जातात. पान नव्याने सुरू करण्याआधी ही सगळी रूपे शोधपेटीत टाकून पाहा. नाहीतर एकाच व्यक्तीची दोन पाने होतात आणि इतिहासासह ती एकत्र करायला प्रचालकांना (जादा अधिकार असलेल्या सदस्यांना) गाठावे लागते. शेवटी ‘इ.स. १८६५ मधील जन्म’, ‘इ.स. १८८७ मधील मृत्यू’ हे वर्ग जोडा आणि वर्गातील क्रम आडनावाने लागेल असे पाहा.