विंबल्डनचं वेळापत्रक ब्रिटिश खेळाडूंकडे झुकलेलं असतं का?

वडगाव_बॅकहँड
आपल्याकडे तरणा पाऊस लागतो त्याच सुमाराला विंबल्डन रंगात येतं, आणि दरवर्षी आमच्या ग्रुपवर एकच वाद पेटतो. क्रमवारीत मागे असलेला ब्रिटिश खेळाडू सेंटर कोर्टवर, आणि त्याच्या कितीतरी वर असलेला परदेशी बाहेरच्या कुठल्यातरी कोर्टवर. हे झुकतं माप नाही का? आणि असेल, तर त्याचा उपयोग होतो का? पुरुष एकेरीत १९३६ च्या फ्रेड पेरीनंतर ब्रिटनचा अँडी मरे जिंकेपर्यंत ७७ वर्षं गेली. महिला एकेरीत १९७७ च्या व्हर्जिनिया वेडनंतर अजून कोणी नाही. जाणकारांनी नीट उलगडून सांगा. नुसतं 'सगळं सेटिंग आहे' असं लिहू नका.

निपाणी_स्लाइस
वडगावकर, आधी कोर्टाचा नंबर बाजूला ठेवा. दोन लढतींमध्ये कोणाला किती तास मिळाले ते मोजा, खरा न्याय-अन्याय तिथे दिसतो.

मूळ रचना अशी: १२८ खेळाडूंचा ड्रॉ (कोण कोणाशी खेळणार याची मांडणी), अर्धा भाग सोमवारी आणि अर्धा मंगळवारी पहिली फेरी खेळतो. पुढे बहुतेक वेळा एक दिवस खेळ, एक दिवस विश्रांती. अंतिम फेरीआधी समोरासमोर येणारे दोघे ड्रॉच्या एकाच अर्ध्यातले, म्हणजे दोघांची विश्रांती सारखीच. कागदावर चोख आहे. ती मोडते दोन कारणांनी: पाऊस आणि रात्री ११ ची मुदत, त्यानंतर खेळ चालू देत नाहीत. छप्पर फक्त दोन कोर्टांना आहे, सेंटर कोर्टला २००९ पासून आणि एक नंबर कोर्टला २०१९ पासून. पाऊस लागला की या दोन कोर्टांवर खेळ पुढे सरकतो आणि बाकी सगळीकडे ताडपत्री पडते. घरच्या खेळाडूला मोठं कोर्ट मिळतं म्हणजे खरं तर त्याला छप्पर मिळतं. झुकतं माप म्हणायचं तर ते हे.

पण त्याच कोर्टवर तिसरी लढत वाट्याला आली की हिशेब उलटतो. २०२३ ची मरे-त्सित्सिपास लढत घ्या. त्सित्सिपासचा थीमशी पहिल्या फेरीचा सामना छप्पर नसलेल्या कोर्टवर मंगळवारी पावसाने अडला आणि बुधवारी पाचव्या सेटच्या टायब्रेकवर संपला. मरे तोवर सेंटर कोर्टवर तीन सेटमध्ये मोकळा झाला होता. गुरुवारी दोघे समोरासमोर आले. इथपर्यंत फायदा सरळ मरेचा. पण त्या दिवशी त्याच कोर्टवर आधी ब्रॉडी आणि रूड पाच सेट खेळले होते, त्यामुळे मरेचा सामना संध्याकाळ उलटल्यावर सुरू झाला. मरे २-१ सेटने पुढे असताना १०:४० च्या सुमाराला खेळ थांबला. शुक्रवारी त्सित्सिपासने चौथा सेट टायब्रेकवर आणि पाचवा ६-४ ने घेतला. लक्षात घ्या, ब्रॉडीही ब्रिटिशच, वाइल्ड कार्डवर (क्रमवारी पुरत नसताना आयोजकांनी दिलेली थेट जागा) आलेला, आणि त्याने चौथ्या मानांकित रूडला हरवलं. एका घरच्या खेळाडूच्या विजयाने दुसऱ्या घरच्या खेळाडूची रात्र खाल्ली.

खानापूर_घाटमाथा
पाऊस म्हटल्यावर खानापूरवाल्याला बोलावंच लागतं. निपाणीकरांचं म्हणणं खरं, त्यात थोडी भर.

छप्पर सरकायला दहा मिनिटंसुद्धा लागत नाहीत, पण आतली हवा ताळ्यावर येईपर्यंत आणखी अर्धा तास जातो, कारण गवत दमट राहिलं तर बूट टिकत नाही. पहिल्या दोन-तीन दिवसांत घसरणं जास्त असतं ते याचमुळे. गवत नवं, हिरवं, रसरशीत असतं, पाय टेकला की पात्यातला ओलावा बाहेर येतो. २०२१ ला पहिल्याच फेरीत सेंटर कोर्टवर सेरेना आणि मानारिनो दोघांनाही घसरून सामना सोडावा लागला. दुसऱ्या आठवड्यात बेसलाइनच्या मागे गवत उरतच नाही, माती कडक होते, पाय रोवता येतो. मधे आणि नेटजवळ मात्र हिरवं तसंच राहतं, म्हणून स्लाइस केलेला चेंडू तिथे पडला की घोट्याच्या वर उठत नाही.

२००१ पासून तिथे शंभर टक्के रायग्रास जातीचं गवत आहे, कापलेली उंची ८ मिलिमीटर. त्याआधी ७० टक्के रायग्रास आणि ३० टक्के फेस्क्यू हे दुसरं गवत होतं. आताचं गवत झीज सोसतं, उसळी थोडी जास्त आणि सरळ देतं. नुसती सर्व्हिस करून नेटकडे धावणाऱ्याची सद्दी त्यामुळे सरली. पूर्वी गवतावर वाढलेल्याला जो आपसूक फायदा व्हायचा, तो आता पुष्कळ कमी झालाय.

आणि छप्पर नव्हतं तेव्हा घरच्यांचं काय झालं तेही बघा. २००१ च्या उपांत्य फेरीत ब्रिटनचा हेन्मन इव्हानिसेविचवर २-१ सेटने पुढे होता, तिसरा सेट ६-० ने घेतलेला, चढती कमान. पाऊस आला. शुक्रवारचा सामना रविवारी संपला आणि इव्हानिसेविच जिंकला. तोही वाइल्ड कार्डवर आलेला, पण क्रोएशियाचा!

वडगाव_बॅकहँड
दोघांचे आभार. मग वाइल्ड कार्डचं काय? तिथे तर उघडउघड घरचे लोक असतात.

शहापूर_नेटजवळ
असतातच, आणि मला त्यात गैर वाटत नाही. एकेरीच्या १२८ जागांपैकी १०४ क्रमवारीवर, १६ पात्रता फेरीतून आणि ८ वाइल्ड कार्ड. या आठांतल्या बहुतेक ब्रिटिशांना जातात. पहिल्या फेरीत हरला तरी २०२५ ला ६६,००० पौंड मिळाले, आपल्या पैशात पाऊण कोटीच्या वर. क्रमवारीत दोनशेच्या आसपास असलेल्या पोराचा कोच, फिजिओ आणि प्रवास यांचा वर्षाचा भार त्यात बराच हलका होतो.

पण कार्ड म्हणजे सोपा ड्रॉ नव्हे. मानांकित ३२, बिगरमानांकित ९६. पहिल्याच फेरीत मानांकित खेळाडू समोर येण्याची शक्यता बरोबर एक तृतीयांश, पहिल्या आठांपैकी कोणी येण्याची बारात एक. ड्रॉ चिठ्ठीने निघतो, तिथे घरचा-परका चालत नाही. उलट एक सोय काढून घेतली गेली. २०१९ पर्यंत पुरुषांचं मानांकन ठरवताना मागच्या दोन वर्षांच्या गवतावरच्या कामगिरीला जादा वजन होतं, २०२१ पासून ते सूत्र बंद झालं. आता निव्वळ क्रमवारी.

मग घरच्यांची आशा कुठे? डावखुऱ्यांत. ड्रेपर आणि नॉरी दोघेही डावखुरे. ॲडव्हांटेज कोर्टातून (सर्व्हिस करणाऱ्याच्या डाव्या बाजूने) बाहेर वळणारी स्लाइस सर्व्हिस गवतावर खाली राहून कोर्टाबाहेर पळते, उजव्या हाताच्या खेळाडूला बॅकहँड ताणून दोन पावलं बाहेर जावं लागतं आणि पुढच्या फटक्याला अख्खं कोर्ट रिकामं मिळतं. ३०-४० आणि ॲडव्हांटेज हे गुण त्याच बाजूला खेळले जातात, हे विसरू नका. नॉरी २०२२ ला उपांत्य फेरीत आणि २०२५ ला उपांत्यपूर्व फेरीत गेला, पहिल्या वेळी नववं मानांकन असताना, दुसऱ्या वेळी अजिबात नसताना. ड्रेपरला २०२५ ला चौथं मानांकन होतं, तरी दुसऱ्या फेरीत चिलिचकडून गेला. हा त्याच्या ताकदीवरचा शेरा मानू नका. गवताचा हंगाम फ्रेंच ओपननंतर जेमतेम तीन आठवडे, तेवढ्यात चेंडूच्या खाली वाकायची सवय गुडघ्याला लावायची असते.

दुहेरीत तर चित्र फारच चांगलं आहे. २०२५ ला कॅश आणि ग्लासपूल जिंकले. दोन्ही ब्रिटिश असलेली जोडी १९३६ नंतर पहिल्यांदा पुरुष दुहेरी जिंकली. यावर कोणी बोलत नाही, याचं वाईट वाटतं.

निपाणी_स्लाइस
शहापूरकरांचं वाइल्ड कार्डबद्दल पटलं. घरची हिरवळ म्हणजे घरचा विजय नव्हे, हे आपणही भोगलंय. २०१९ ला डेव्हिस कपसाठी (देशांच्या संघांची स्पर्धा) आपण मुद्दाम कोलकात्याच्या साउथ क्लबचं गवत निवडलं आणि इटलीकडून १-३ ने हरलो. २०२२ ला दिल्ली जिमखान्याच्या गवतावर डेन्मार्कला मात्र ४-० ने हरवलं. गवत तेच, फरक समोर कोण आलं याचा.

अण्णा, वेळापत्रकातला एक खरा दोष मात्र कोणी मांडत नाही. २०२२ पासून मधल्या रविवारची सुट्टी गेली. महिलांच्या उपांत्यपूर्व लढती मंगळवारी आणि बुधवारी, उपांत्य दोन्ही गुरुवारी. म्हणजे बुधवारी जिंकणारी दुसऱ्याच दिवशी परत कोर्टवर. उपांत्य फेरीत दोघी सारख्याच थकलेल्या असतात, पण शनिवारच्या अंतिम फेरीत एकीला एक दिवस जादा मिळालेला असतो. २०२५ ला बुधवारच्या बाजूची श्वियांतेक होती आणि तिनेच अनिसिमोव्हाला ६-०, ६-० ने हरवलं. दरवर्षी तसं होईलच असं नाही. चारही उपांत्यपूर्व लढती मंगळवारी घेतल्या तर हा दोष निघेल. एक अडचण अशी की पुरुषांच्या दोन लढतींसाठी त्या दिवशी मोठं कोर्ट उरणार नाही, त्यांना बुधवारी ढकलावं लागेल. पुरुषांची उपांत्य फेरी शुक्रवारी असते, त्यांचा मधला दिवस तरीही शाबूत राहतो.

खानापूर_घाटमाथा
आणि सेंटर कोर्ट दुपारी १:३० ऐवजी १२ ला सुरू करा. दीड तास मिळाला तर तिसरी लढत ११ च्या मुदतीला आपटणार नाही. आपल्याकडे कुस्तीच्या मैदानात पहिल्या नंबरची जोड शेवटी लावतात, लोक थांबतात म्हणून. पण मैदानाचा पंच दिवस मावळायचा अंदाज घेऊन आधीच्या जोडी पटापट लावतो. तेवढा अंदाज तिथेही घेता येईल.

पंचांचा विषय निघालाच आहे तर ब्रिटनच्या कार्टालचं प्रकरण राहून गेलं. २०२५ ला लाइनमनच्या जागी पूर्ण यंत्र आलं. चौथ्या फेरीत सेंटर कोर्टवर पावल्युचेंकोव्हाच्या गेम पॉइंटला कार्टालचा चेंडू बाहेर पडला आणि यंत्र गप्प! त्या बाजूचं यंत्र चुकून बंद राहिलं होतं. पंचाने गुण परत खेळवला आणि तो गेम कार्टालला गेला. घरच्या मुलीला फायदा झाला हे खरं, पण कोणी मुद्दाम केलं नव्हतं. सामना शेवटी पावल्युचेंकोव्हाच जिंकली.

वडगाव_बॅकहँड
हे सगळं धरून आता ऑर्डर ऑफ प्ले, म्हणजे दुसऱ्या दिवशीच्या सामन्यांची यादी, कसं वाचायचं?

निपाणी_स्लाइस
संध्याकाळी यादी आली की आधी लंडनचा हवामान अंदाज बघा. पाऊस असेल तर छपराच्या दोन कोर्टांवर कोण आहे ते लिहून घ्या, त्यांचा सामना त्याच दिवशी संपणार हे धरून चाला. मग सेंटर कोर्टची तिसरी लढत. त्याआधीची पुरुषांची असेल तर तीन ते साडेतीन तास धरा, महिलांची असेल तर दीड ते दोन. आपल्या घड्याळात सेंटर कोर्ट सहाला, एक नंबर साडेपाचला, बाहेरची कोर्ट साडेतीनला सुरू होतात. तिसरी लढत आपल्या रात्री साडेबाराच्या पुढे सुरू होत असेल तर मुदत साडेतीनला आहे, आणि पाच सेटला तेवढे तीन तास पुरतीलच असं नाही. शेवटी दोघांचा आधीचा सामना कोणत्या दिवशी संपला ते बघा. कधी सुरू झाला त्याला अर्थ नाही, संपला कधी तेच मोजा.