कर्ज बुडायची वाट बघून तरतूद करायची की आधीच? बँकांच्या तरतुदीचा नियम बदलतोय त्याबद्दल

ताळेबंद
हा विषय बरेच दिवस डोक्यात आहे. आपल्याकडे हप्ता थकून ९० दिवस उलटले की खातं एनपीए म्हणजे थकीत कर्ज, आणि खरी तरतूद, म्हणजे तोट्यासाठी नफ्यातून बाजूला काढायची रक्कम, तिथून पुढे. तोवर ते स्टँडर्ड म्हणजे चांगलं, आणि बहुतेक स्टँडर्ड कर्जांवर बाजूला काढतात किती तर ०.४० टक्के. म्हणजे १ कोटीच्या तारणी कर्जावर ४० हजार. एनपीए झालं की सबस्टँडर्ड (एनपीएची पहिली पायरी) म्हणून १५ टक्के, थेट १५ लाख. वर्षाने डाउटफुल म्हणजे वसुलीची शंका असलेलं, मग तारणाच्या भागावर २५ टक्के, मग ४०, आणि १०० टक्के व्हायला एनपीए झाल्यापासून चार वर्षं जातात. कर्जदाराची परिस्थिती काय एका रात्रीत इतकी बदलते? ती आधीपासून ढासळत असते, शाखेत सगळ्यांना माहीत असतं, फक्त ताळेबंदाला माहीत नसतं.

२०१५ आठवा. रघुराम राजन गव्हर्नर असताना रिझर्व्ह बँकेने मोठी खाती तपासायला घेतली, एक्यूआर म्हणजे कर्जांच्या दर्जाची तपासणी, आणि वर्षानुवर्षं पुनर्रचना करून करून स्टँडर्ड म्हणून ठेवलेली कर्जं भराभर एनपीए झाली. मार्च २०१८ ला ग्रॉस एनपीए, म्हणजे एकूण कर्जातला थकीत कर्जांचा वाटा, ११ टक्क्यांच्या वर. सगळी तरतूद एकदम अंगावर आली, सरकारी बँका तोट्यात गेल्या आणि भांडवल शेवटी सरकारने म्हणजे आपणच दिलं.

म्हणून रिझर्व्ह बँकेचा ऑक्टोबर २०२५ चा मसुदा मला पटतो. १ एप्रिल २०२७ पासून 'अपेक्षित तोटा' म्हणजे ईसीएल. चांगल्या कर्जावर पुढच्या १२ महिन्यांतला अंदाजे तोटा धरायचा, जोखीम ठळक वाढली की कर्जाच्या उरलेल्या सगळ्या मुदतीचा. २०२५ च्या मार्चमध्ये ग्रॉस एनपीए २.३ टक्क्यांवर आलाय, हे करायचं तर आत्ताच करायचं, हातात नफा असताना.

शाखेतला माणूस
हिशोब बरोबर आहे तुमचा, निष्कर्ष नाही पटत. मी कर्ज विभागात उभी नोकरी काढली. १५ टक्क्यांवर कुणी वाद घालू शकत नाही, तारीख बघितली की विषय संपला. ईसीएलमध्ये बुडण्याची शक्यता किती आणि बुडालं तर तोटा किती हे बँकेचं मॉडेल ठरवणार, आणि ते मॉडेल त्याच बँकेने बनवलेलं. ज्यांनी एक्यूआरच्या आधी खाती लपवली त्यांच्याच हातात तुम्ही अंदाज करायचा अधिकार देताय!

दुसरं, छोटा कारखानदार. मोठ्या कंपनीकडे बिल अडकतं, हप्ता ३५-४० दिवस लांबतो, खातं एसएमए-१ मध्ये (३१ ते ६० दिवस थकलेल्यांत) जातं, पैसे आले की नीट होतं, वर्षातून दोनतीनदा असं होतं आणि माणूस एक रुपया बुडवत नाही. नव्या पद्धतीत ३० दिवस उलटले की जोखीम वाढली असं धरायचं, मग पूर्ण मुदतीची तरतूद. बँक तो खर्च कुणाकडून काढणार? व्याजदर वाढवेल नाहीतर कर्जच देणार नाही.

ताळेबंद
मॉडेलच्या भीतीसाठीच मसुद्यात तरतुदीची किमान पातळी आहे, मॉडेलने काहीही सांगितलं तरी त्याखाली जाता येत नाही. आणि भांडवलावर पडणारा भार मार्च २०३१ पर्यंत पसरवून घ्यायची मुभा आहे.

छोट्या कारखानदाराचं तुमचं म्हणणं मात्र मला खरंच लागलं. पण जो नेहमी उशिरा देतो आणि कधीच बुडवत नाही त्याचा इतिहास बँकेकडे आहेच ना? तो नीट वापरला तर त्याच्यावरचा अपेक्षित तोटा कमीच निघायला हवा.

शाखेतला माणूस
किमान पातळी त्यालाही लागू आहे, हे विसरताय. इतिहास कितीही चांगला असला तरी त्याखाली नाही जाता येणार.

ऑडिटवाली
स्पेनचं उदाहरण बघा दोघांनी. तिथे २००० पासून चांगल्या काळातच जास्तीची तरतूद करायला लावत होते, जगभर कौतुक झालं. मग घरबांधणीचा फुगा फुटला आणि तो साठा पुरला नाही, २०१२ मध्ये बँकांसाठी युरोपकडे हात पसरावे लागले. पद्धत चुकीची होती असं मी म्हणत नाही, साठा नसता तर आणखी वाईट झालं असतं. पण सगळे आशावादी असतात तेव्हा अंदाजही आशावादीच निघतो, आणि पुढचा अंदाज बांधायचा तर मागचा डेटा चांगल्या वर्षांचा. आत्ता आपल्याकडे नेमकं तेच आहे, २.३ टक्क्यांच्या काळातला डेटा घालून मॉडेल बनवलं तर ते २०१८ ओळखणारच नाही. मागची पंधरा वर्षं धरलीच पाहिजेत असं ऑडिटरने अडून सांगायला हवं.

ठेवीदार
एक विचारू का, हे नागरी सहकारी बँकांना आहे का? माझे पैसे तिथे आहेत.

ऑडिटवाली
नाही, हा मसुदा व्यापारी बँकांसाठी आहे, त्यातही स्मॉल फायनान्स, पेमेंट्स आणि ग्रामीण बँका वगळून. सहकारीला जुनीच पद्धत.

शाखेतला माणूस
आणि तिथे पद्धत हा प्रश्नच नाहीये. २०१९ ला पीएमसी या सहकारी बँकेत काय झालं? ७० टक्क्यांहून जास्त कर्ज एकाच बिल्डर गटाकडे आणि ते खोट्या खात्यांमागे लपवलेलं. जे कर्ज दाखवलंच नाही त्यावर १५ टक्के काय नि अपेक्षित तोटा काय.

ताळेबंद
हे मान्य. पण लपवायला सोपं का जातं तेही बघा. ९०व्या दिवशी ४० हजाराचे १५ लाख होणार असतील तर ८९व्या दिवशी कसंही करून खातं वाचवायचा मोह होणारच, नवं कर्ज देऊन जुनं फेडून घेणं तिथेच सुरू होतं. तरतूद हळूहळू चढत गेली असती तर त्या एका दिवसाला एवढी किंमत राहिली नसती.

शाखेतला माणूस
मग तोच मोह ३०व्या दिवशी होईल. आधी २९व्या दिवशीचे फोन बघा, मग बोलू.