काकांच्या वहीतली बाकी

सदाशिव पेठेतल्या आपल्या हॉटेलवाल्या काकांचे हृदयविकाराच्या झटक्याने अचानक निधन झाले, ही गोष्ट अजून मनाला पटत नाही. त्यांच्या मिसळीविषयी आणि उपवासाच्या कचोरीविषयी अनेकांनी भरभरून लिहिले आहे, ते यथार्थच आहे. मला त्यात थोडी भर घालावीशी वाटते. स्पर्धा परीक्षांच्या तयारीसाठी मराठवाड्यातून, विदर्भातून या पेठेत येणाऱ्या मुलांचे महिन्याचे शेवटचे दिवस कसे जातात, हे काकांना न सांगता कळत असे. गल्ल्याशेजारी खिळ्याला दोऱ्याने टांगलेल्या लांबट वहीत ते अशा मुलांचे नाव न लिहिता फक्त गाव लिहीत, म्हणजे कोणी वही चाळली तरी कोणाची उधारी किती, हे उघड होऊ नये. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागून खाणावळी एकाएकी बंद झाल्या, तेव्हा गावी परतू न शकलेल्या मुलांना त्यांनी पोळी-भाजीचे डबे पुरवले आणि त्याचे पैसे पुढे कधी मागितले नाहीत.

‘आता ती चव राहणार नाही’ असे एकाने म्हटले आहे, त्याच्याशी मी सहमत नाही. रस्सा गेली अनेक वर्षे तिथले आचारीच करत आले आहेत आणि काकू हॉटेल चालू ठेवणार आहेत, असे कामगार सांगतात. तेव्हा ज्यांची बाकी आहे, त्यांनी दिवसकार्य झाल्यावर स्वतः जाऊन ती चुकती करावी, अशी कळकळीची विनंती आहे. नाव न लिहिलेली उधारी काकू कोणाकडे मागणार?